दोन 'रोबोकॉप' आणि एक हात

१९८७च्या 'रोबोकॉप'मध्ये एक प्रसंग आहे, जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. ॲलेक्स मर्फी नावाचा पोलीस मेलाय आणि ऑपरेशनच्या टेबलावर त्याचं यंत्र बनवणं चालू आहे. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या जागी आहे, म्हणजे टेबलावर पडून वर वाकलेले चेहरे आपणच बघतोय. कुणीतरी खुशीत सांगतं, डावा हात वाचवता आला! कंपनीचा तरुण अधिकारी बॉब मॉर्टन वैतागतो. सगळं शरीर कृत्रिम करायचं ठरलं होतं ना? मग काढा तो हात. हे बोलणं याला कळतंय का, अशी शंका येते, तर उत्तर तयार: कळलं तरी काय, स्मृती पुसायचीच आहे. विषय संपला.

आता २०१४चा रिमेक. मर्फी शुद्धीवर आलाय आणि आपलं नक्की काय उरलंय ते दाखवा म्हणून डॉक्टरकडे हट्ट धरतो. समोर आरसा. यंत्राचे हात येतात आणि चिलखताचा एकेक भाग उतरवत जातात. पाय नाहीत. पोट नाही. शेवटी उरतो चेहरा आणि मेंदू, त्याखाली लोंबणारा घसा, काचेआड धपापणारी फुप्फुसं, हृदय आणि एक हात. मर्फी बघतो आणि मरू द्या म्हणतो.

एका सिनेमात वाचलेला हात काढून टाकतात, दुसऱ्यात मुद्दाम ठेवतात. दोन्हींची कथा वरवर एकच आहे: गुन्हेगारीने पोखरलेलं डेट्रॉइट, जवळजवळ मेलेला पोलीस, त्याच्या अवशेषांतून यंत्रमानव बनवणारी कंपनी, आणि त्या यंत्रात शिल्लक राहिलेला माणूस. पण "दोन्हीतला कुठला बघू?" असं कुणी विचारलं (आणि विचारतात, माझ्या भाच्याने गेल्याच महिन्यात विचारलं) तर मी या हातापासूनच सुरुवात करतो. कोणता सिनेमा तुमचा, ते बरंचसं इथेच ठरतं.

यंत्र बिघडणं आणि यंत्र बरोबर चालणं

जुना सिनेमा पॉल व्हर्होवन या डच दिग्दर्शकाचा. नाझींच्या ताब्यातल्या हेग शहरात बालपण गेलेला, गणित-भौतिकशास्त्र शिकलेला माणूस. पटकथा हातात आली तेव्हा त्याने ती भंकस म्हणून बाजूला टाकली होती. ती त्याच्या बायकोने वाचली आणि यात दिसतं त्यापेक्षा जास्त काही आहे, पुन्हा वाच, असं त्याला सांगितलं. बाईंचे आभार मानायला हवेत.

जास्त काय होतं, ते पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. शहराचं पोलीस खातं चालवण्याचा ठेका 'ओसीपी' या कंपनीकडे आहे. कंपनीच्या बोर्डरूममध्ये वरिष्ठ अधिकारी डिक जोन्स आपलं नवं यंत्र सादर करतो: ईडी-२०९, कोंबडीसारखे उलट्या गुडघ्यांचे पाय आणि हातांच्या जागी तोफा. प्रात्यक्षिकासाठी एका बिचाऱ्या तरुण कर्मचाऱ्याच्या हाती पिस्तूल देऊन ते यंत्रावर रोखायला सांगतात. यंत्र बजावतं, शस्त्र टाक, वीस सेकंद आहेत. तो टाकतो. यंत्र मोजतच राहतं. पुढे काय होतं ते तुम्ही बघा. मी एवढंच सांगतो की ते संपल्यावर कंपनीच्या म्हाताऱ्या प्रमुखाला काळजी पडते ती झालेल्या उशिराची आणि बुडणाऱ्या व्याजाची. जोन्स म्हणतो, किरकोळ बिघाड आहे. आणि मॉर्टनला, तोच तो हात काढणारा, आपला प्रकल्प पुढे रेटायची संधी दिसते. अख्खा 'रोबोकॉप' जन्माला येतो तो असा, दुसऱ्याच्या प्रेझेंटेशनचा विचका झाला म्हणून. ज्यांनी कुठल्याही मोठ्या कचेरीत पाच वर्षं काढली आहेत त्यांना हा प्रसंग विज्ञानकथा वाटणार नाही.

नंतर हाच जोन्स एका रागाच्या झटक्यात कबूल करतो की ईडी-२०९ला लष्कराची हमखास ऑर्डर होती, दुरुस्तीचा ठेका होता, पुढच्या पंचवीस वर्षांचे सुटे भाग विकले गेले असते. ते चालतं की नाही याची पर्वा कुणाला? माझ्या मते हे वाक्य सिनेमाचा कणा आहे. यंत्र हुशार झालंय याची भीती या सिनेमाला वाटत नाही. यंत्र रद्दी आहे आणि तरीही ते विकलं जाणार, याची भीती वाटते.

नवा सिनेमा जोसे पडिल्हाचा. तो ब्राझीलचा. रिओच्या पोलिसांच्या विशेष पथकावर त्याने केलेल्या सिनेमाला २००८ साली बर्लिनच्या महोत्सवात 'सुवर्ण अस्वल' हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि पुढे 'नार्कोस' मालिकेच्या निर्मात्यांत तो होता. म्हणजे पोलीस, बंदूक आणि गरीब वस्ती या तिन्हींचं नातं त्याने हॉलिवुडला जाण्याआधीच खणून काढलेलं होतं. त्याचा 'रोबोकॉप' २०२८ सालात घडतो आणि सुरू होतो तेहरानमध्ये. अमेरिकी यंत्रं रस्त्यावर उभी आहेत, माणसं हात वर करून एकेक स्कॅन होतायत आणि टीव्हीवर हे सगळं शांततेचं काम म्हणून थेट दाखवलं जातंय. तेवढ्यात एक मुलगा स्वयंपाकघरातली सुरी घेऊन रस्त्यावर येतो. ईडी-२०९ त्याच्याकडे वळतं.

इथे यंत्र बिघडलेलं नाही, हा फरक लक्षात घ्या. हातात शस्त्र, इशारा दिला, ऐकलं नाही, गोळी घातली. त्याला शिकवलेल्या नियमात हे चोख बसतं. जुन्यात यंत्र चुकतं म्हणून माणूस मरतो, नव्यात यंत्र बरोबर चालतं म्हणून. सत्तावीस वर्षांत भीती कुठून कुठे सरकली ते या दोन प्रसंगांत दिसतं, आणि रिमेक मुळात का करावा या प्रश्नाला पडिल्हाकडे उत्तर होतं असं मला वाटतं ते त्यामुळेच. पुढे ते उत्तर पुरेसं ताणलं गेलं नाही, तो भाग वेगळा.

हसणं

मी जुना पहिल्यांदा बघितला तो नव्वदीत, कोल्हापुरात, भाड्याच्या कॅसेटवर. लायब्ररीवाल्याने "इंग्लिश आहे, पण मारामारीला भाषा लागत नाही" म्हणून हाती दिला होता. चित्र मधूनमधून हलायचं. मारामारी समजली, पण मध्येच जाहिराती का लागतायत हे मात्र कळेना; मला वाटलं कुणीतरी टीव्हीवरून रेकॉर्ड केलंय.

त्या जाहिराती सिनेमाचाच भाग आहेत. कृत्रिम हृदयांचं दुकान, हव्या त्या कंपनीचं निवडा. घरातल्यांनी एकत्र बसून खेळायचा अणुयुद्धाचा खेळ. एका गॅलनला जेमतेम आठ मैल जाणारी अवाढव्य मोटार, आणि जाहिरातीत तिचं कौतुकही तेच. मधून बातम्या: हसरे निवेदक सांगतात की अवकाशातल्या संरक्षक यंत्रणेचा नेम चुकला, कॅलिफोर्नियात आग लागली, मृतांत दोन माजी राष्ट्राध्यक्ष. आणि लगेच पुढची बातमी. तेव्हाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रेगन यांची 'स्टार वॉर्स' म्हणून ओळखली जाणारी संरक्षण योजना तेव्हा रोजच्या चर्चेत होती, सरकारी कामं खासगी कंपन्यांना देण्याचा सपाटा चालू होता. एडवर्ड न्यूमायर आणि मायकल मायनर या लेखकद्वयीने ते जसंच्या तसं उचलून फक्त दोन पावलं पुढे नेलं. तुम्ही रात्री नऊच्या बातम्या बघत असाल तर आज ती दोन पावलंही उरलेली नाहीत.

नव्यात या सगळ्याच्या जागी एकच माणूस आहे, पॅट नोव्हाक नावाचा टीव्ही निवेदक, आणि तो झालाय सॅम्युअल एल. जॅक्सन. सिनेमा सुरू होतो तोच एमजीएम स्टुडिओच्या बोधचिन्हातल्या सिंहाच्या तोंडून नोव्हाक घसा साफ करतोय अशा गमतीने. नोव्हाकला यंत्रं हवीत, कायदा आडवा येतो, म्हणून तो कायदा करणाऱ्यांना देशद्रोहीच्या आसपास नेऊन ठेवतो. आपल्याकडच्या प्राइम टाइमची सवय असलेल्यांना जॅक्सन उलट संयमी वाटेल. मजा येते, पण ही मजा सिनेमाच्या कडेला बसलेली आहे. नोव्हाक बोलतो तेव्हा सिनेमा हसतो, तो गेला की सिनेमा पुन्हा गंभीर. जुन्यात हसू आणि रक्त एकाच चौकटीत आहे, त्यामुळे कशावर हसलो याची नंतर लाज वाटते. ती लाज व्हर्होवनने मुद्दाम पेरलीय.

नव्यातला खरा विनोद मला वेगळीकडे सापडला, मार्केटिंगच्या बैठकांत. यंत्रं बनवणाऱ्या 'ऑम्निकॉर्प' कंपनीचा प्रमुख रेमंड सेलर्स (मायकल कीटन, आणि काय मिस्किल निर्दयपणे केलंय) याची अडचण अशी की अमेरिकेत यंत्र-पोलिसांना बंदी आहे, कारण लोकांना गोळी झाडणाऱ्याला भावना असाव्यात असं वाटतं. ठीक आहे, मग यंत्रात माणूस घालू. पहिला तयार सूट येतो तो चंदेरी, थेट जुन्या सिनेमातल्यासारखा. सेलर्स बघतो, नाक मुरडतो आणि म्हणतो, काळा करा. स्वतः रिमेक करणाऱ्या स्टुडिओत नेमकं हेच झालं असणार अशी शंका येते आणि पडिल्हाने ती येऊ दिलीय.

सही कुणाची

जुन्यात मर्फीची संमती कुणी घेतली? कंपनीचा माणूस सांगतो, पोलिसात भरती होताना त्याने कागदांवर सही केली होती. कायद्याने तो मृत आहे, आता त्याच्याशी आपण वाटेल ते करू शकतो. झालं. घरच्यांना तो मेला एवढंच माहीत. बायको-मुलगा गाव सोडून गेलेत.

म्हणून जुन्यातला सगळ्यात हळवा प्रसंग रिकाम्या घरात घडतो. यंत्र झालेला मर्फी स्वतःचा जुना पत्ता शोधत जातो. घर विकायला काढलंय, आत कुणी नाही, आणि भिंतीवरच्या पडद्यावरून एक रेकॉर्ड केलेला विक्रेता त्याला हसतमुखाने घराची वैशिष्ट्यं सांगत फिरवतोय. एकेका खोलीत एकेक आठवण चमकून जाते: मुलगा, टीव्हीवरच्या नायकासारखं पिस्तूल बोटावर फिरवून दाखव म्हणणारा, बायको. विक्रेता बोलतच राहतो. पीटर वेलरच्या चेहऱ्याचा फक्त जबडा दिसतो, तरी सगळं कळतं. नंतर तो सहकारी लुइसला सांगतो की ती दोघं जाणवतात, पण आठवत नाहीत. मी हा प्रसंग पंधरा-वीस वेळा बघितला असेन, आणि दर वेळी त्या विक्रेत्याचा गळा धरावासा वाटतो. मर्फीही साधारण तेच करतो.

नव्यात सही बायकोची आहे. क्लारा (ॲबी कॉर्निश) जिवंत, समोर, रडत, कंपनीच्या कागदावर सही करणारी. मर्फीचं घर आहे, मुलगा आहे, तो घरी येतो, दारात उभा राहतो, आणि त्याला मिठी मारायची तरी कशी हा प्रश्न त्या पोरापुढे आहे. कागदावर हे जुन्यापेक्षा जास्त दुखायला हवं. अनेक समीक्षकांना ते तसं दुखलं नाही आणि मलाही पूर्ण नाही, कारण क्लाराला सिनेमा वाट बघण्यापलीकडे फारसं काम देत नाही.

पण डॉक्टर नॉर्टनला देतो. गॅरी ओल्डमनचा हा डॉक्टर नव्या सिनेमाचा खरा नायक, किंवा खरा खलनायक. दोन्ही म्हणता येईल. तो चांगला माणूस आहे. हातपाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव देतो, गिटार वाजवू पाहणाऱ्या रुग्णाला धीर देतो. आणि सेलर्सच्या एकेका मागणीपुढे एकेक पायरी उतरत जातो. चाचणीत मर्फी निव्वळ यंत्रापेक्षा काही क्षण हळू पडतो, कारण तो विचार करतो. नॉर्टन तोड काढतो: लढाईच्या वेळी मुखवटा खाली आला की निर्णय सॉफ्टवेअर घेणार, मात्र मर्फीच्या मेंदूला वाटत राहील की तो निर्णय आपणच घेतला. मग शहरभरच्या गुन्ह्यांची माहिती त्याच्या डोक्यात एकदम ओतल्यावर तो कोसळतो, तर त्याचं डोपामिन, म्हणजे भावनांशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, जवळजवळ शून्यावर आणतात. त्यानंतरचा मर्फी बायको-मुलाच्या समोरून त्यांच्याकडे न बघता चालत जातो.

हे जुन्यात नाही, आणि जुन्याच्या बाजूने कितीही बोललो तरी हे मान्य करायला हवं. जुन्यातला मर्फी यंत्रापासून निघून माणसाकडे येतो. नव्यातला माणूस म्हणून जागा होतो आणि त्याच्यातला माणूस थेंबाथेंबाने काढून घेतला जातो. नंतर तो परततो, तो कसा याचं स्पष्टीकरण सिनेमा नीट देत नाही. डॉक्टर स्क्रीनकडे बघून चकित होतो आणि आपण ते चालवून घ्यायचं. पण मधला तासभर विचार करायला लावतो. आणि तो ठेवलेला एक हात आठवा. हात माणसाचा, चाप कुणी ओढला हे मात्र हातालाच माहीत नाही. काढून टाकलेल्या हातापेक्षा हे जास्त भयंकर आहे की कमी, यावर आमच्या घरी अजून एकमत नाही.

मारामारी, चिलखत, गुंड

इथे फार वेळ घालवायला नको, कारण जुना सरळ जिंकतो.

रॉब बॉटिनने घडवलेलं ते चिलखत इतकं जड आणि अडचणीचं होतं की वेलरने महिनोन्महिने मूकाभिनयाच्या गुरूकडे, मोनी याकिमकडे, तयारी करूनही प्रत्यक्ष सूट अंगावर चढल्यावर सगळी चाल नव्याने बसवावी लागली. त्यात चित्रण डॅलसच्या उन्हाळ्यात. पण ती चाल बघा: आधी मान वळते, मग धड, मग पाय. नव्यातला जोएल किनमन पळतो, उडी मारतो, मोटरसायकल हाणतो, आणि यातलं काहीच वजनदार वाटत नाही. अंधारातली गोळीबाराची लांबलचक मारामारी तर व्हिडिओ गेमसारखी आहे; गेम खेळणाऱ्यांना आवडेल कदाचित. ईडी-२०९चंही तेच. जुन्यात फिल टिपेटने छोटी प्रतिकृती एकेका फ्रेमला किंचित हलवून ते जिवंत केलं, त्यामुळे ते थोडं अडखळतं, आणि अडखळणारं अवजड यंत्र जास्त भीतीदायक असतं. ते जिन्यासमोर उभं राहतं तो प्रसंग लहान मुलासारखा हसवतो. नव्यात अशी यंत्रं ढिगाने आहेत, संगणकावर काढलेली, गुळगुळीत.

गुंडांचं म्हणाल तर कर्टवुड स्मिथचा क्लॅरेन्स बॉडिकर चष्मा लावतो आणि एखाद्या कडक मास्तरासारखा दिसतो. त्याच्या टोळीने मर्फीचा जो जीव घेतला तो पडद्यावर बघणं आजही अवघड आहे. नव्यातल्या गुंडाचं नाव मला हे लिहिताना आठवावं लागलं. ॲन लुइस या सहकारी पोलिसाची भूमिका जुन्यात नॅन्सी ॲलनने केली; मर्फीला सगळ्यात आधी तीच ओळखते, पिस्तूल बोटावर फिरवण्याच्या त्या सवयीवरून. नव्यात लुइस पुरुष झालाय. मायकल के. विल्यम्ससारखा जबरदस्त नट घेऊन त्याला काम काहीच नाही, हे मात्र अक्षम्य. संगीतात बेसिल पोलेडोरिसची जुनी धून नव्यात मधून डोकावते आणि तेवढ्यापुरता अंगावर काटा येतो. म्हणजे तिथेही जुनाच.

आवाजाच्या कामासाठी जुन्याला ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळाला होता. शक्य असेल तर चांगल्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर बघा. त्या पावलांचा आवाज सिनेमाचं निम्मं काम करतो.

पैशांचं गणित गमतीचं आहे. जुना साधारण १ कोटी ३० लाख डॉलरमध्ये झाला आणि अमेरिकेत ५ कोटींच्या पुढे गेला. नव्याला १० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त लागले; जगभरात त्याने २४ कोटींच्या आसपास कमावले, पण खुद्द अमेरिकेत ६ कोटीही गाठले नाहीत. सत्तावीस वर्षांची महागाई धरली तर अमेरिकेने रिमेकला कसं घेतलं ते समजून जा.

डेट्रॉइट, डॅलस आणि जरा घराकडे

दोन्ही सिनेमे डेट्रॉइटचे, आणि दोन्ही बहुतांशी डेट्रॉइटबाहेर झालेले. जुन्याचं बहुतेक चित्रण डॅलसमध्ये झालं. कंपनीचं मुख्यालय म्हणून दिसते ती डॅलसची नगरपालिकेची इमारत, वर रंगवून उंच केलेली. पोलादाच्या कारखान्यातली शेवटाकडची मारामारी पेनसिल्व्हेनियातल्या एका बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात. नवा बराचसा कॅनडात, टोरांटोच्या आसपास.

जुन्यात शहर कोसळतंय हे रस्त्यावर दिसतं आणि पोलिसांचा संपही कथेत आहे. २०१३च्या जुलैमध्ये खऱ्या डेट्रॉइटने दिवाळखोरी जाहीर केली, अमेरिकेतल्या शहरांत तोवरची सगळ्यात मोठी. त्यानंतर सात महिन्यांनी नवा सिनेमा लागला आणि त्यातलं डेट्रॉइट मात्र चकचकीत, नीटनेटकं. हाती आयती आलेली गोष्ट पडिल्हाने, किंवा त्याच्यावरच्या कुणीतरी, सोडून दिली. मला हे नव्या सिनेमाचं सगळ्यात मोठं अपयश वाटतं, डोपामिनच्या घोळापेक्षाही.

आणि डॅलस. जुलै २०१६ मध्ये तिथे पाच पोलिसांचा जीव घेणारा बंदूकधारी कोंडला गेला, तेव्हा पोलिसांनी बॉम्बशोधक यंत्रावर स्फोटकं बांधून ते त्याच्याकडे धाडलं आणि त्याला ठार केलं. अमेरिकी पोलिसांनी यंत्राकरवी माणूस मारल्याची ही पहिली वेळ मानली जाते. ज्या शहराने पडद्यावर डेट्रॉइटचं सोंग घेतलं, त्याच शहरात. यंत्र दुरून माणूसच चालवत होता, हे खरं. सॅन फ्रान्सिस्कोत २०२२च्या नोव्हेंबरअखेर शहराच्या मंडळाने पोलिसांना अशा यंत्रांची परवानगी दिली आणि आठवड्याभरात, लोक रस्त्यावर आल्यावर, मागेही घेतली.

नव्या सिनेमातला मर्फी गर्दीवर नजर टाकतो, चेहरे ओळखतो, फरारी गुन्हेगार सापडतो, पकडतो. चूक शून्य. खऱ्या डेट्रॉइटच्या पोलिसांनी २०२०च्या जानेवारीत चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर एका निरपराध माणसाला त्याच्या बायको-मुलींसमोर बेड्या घातल्या. यंत्र चुकतं, हे १९८७चा सिनेमा विसरला नव्हता, २०१४चा विसरला. वर मी त्याच मुद्द्यावर नव्याला गुण दिले होते, ते मागे घेत नाही, पण थोडे कमी करतो.

आपल्याकडे २०१९ मध्ये केरळ पोलिसांनी तिरुवनंतपुरमच्या मुख्यालयात एक यंत्र-पोलीस बसवली. काम येणाऱ्याजाणाऱ्यांना सलाम करायचं आणि वाट दाखवायची. तिची भीती वाटायचं कारण नाही. नागपुरात २०२४ साली पोलिसांना कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं देण्यासाठी राज्य सरकारने 'मार्व्हल' नावाची स्वतःची कंपनी काढली, तिच्याकडे लक्ष ठेवायला हवं. ती सरकारी आहे, ओसीपी नव्हे. पण यंत्राने दाखवलेल्या नावावर शेवटची सही कुणाची, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

मग लावायचा कुठला

घरात बारा-चौदा वर्षांची मुलं सोबत बसणार असतील तर प्रश्नच नाही, नवा. तो अमेरिकेत तेरा वर्षांच्या आसपासच्या मुलांचा विचार करूनच कापलाय. रक्त फारसं दिसत नाही. प्रयोगशाळेतला आरशाचा प्रसंग मात्र लहानग्यांना झोपू देणार नाही, तेवढं बघा. जुना त्यांच्यासमोर चुकूनही लावू नका. अमेरिकेत सिनेमांचा वयोगट ठरवणाऱ्या मंडळाने तो पुन्हा पुन्हा परत पाठवला होता, आणि जो थिएटरात लागला तोही कापलेला होता. हल्ली न कापलेली आवृत्ती मिळते. ती फक्त काही सेकंदांनी मोठी आहे, पण ते सेकंद कुठले हे पहिल्या पंधरा मिनिटांत समजेल.

ड्रोन, कृत्रिम बुद्धिमत्ता, यंत्राने घेतलेला निर्णय कुणाच्या नावावर, असल्या गोष्टी वाचत-लिहीत असाल तर नवा बघाच. पहिली ७५ मिनिटं मन लावून, पुढचं चहा पीत बघितलं तरी चालेल. नावांकडेही लक्ष असू द्या: यंत्र-पोलिसांना विरोध करणाऱ्या सिनेटरचं नाव ह्युबर्ट ड्रायफस आहे, आणि खऱ्या जगात याच नावाचा तत्त्वज्ञ आयुष्यभर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या फाजील दाव्यांवर टीका करत राहिला.

मित्र जमलेत, रात्र मोकळी आहे, काळ्या विनोदाची पचनशक्ती आहे: जुना. नोकरीत गेल्या महिन्यात मोठी 'पुनर्रचना' झालीय: जुना, आणि दोनदा. नव्वदीत केबलवर अर्धवट बघून "लोखंडी पोलीस, मुलांचा सिनेमा" असं मत झालं असेल तरीही जुना. तुम्ही तो बघितलेलाच नाही. आणि आयुष्यात एकच 'रोबोकॉप' बघायचा असेल तर अर्थात जुना. १०२ मिनिटांत तो जे उरकतो ते नव्याला ११७ मिनिटांतही जमत नाही.

पण दोन्ही बघणार असाल तर माझा सल्ला उलटा आहे: आधी नवा, मग जुना. सगळे मूळ आधी बघ म्हणतात. तसं केलंत तर नवा पहिल्या मिनिटापासून तुलनेत मरतो, आणि आरशासमोरचा तो प्रसंग, जो स्वतःच्या बळावर उभा आहे, त्यालाही तुम्ही न्याय देणार नाही. भाच्याला मी हेच सांगितलं. त्याने नवा बघितला, "बरा आहे" म्हणाला. आठवड्याने जुना बघितला आणि रात्री पावणेबाराला फोन करून विचारलं, तो हात काढला तेव्हा तुला हसू आलं होतं का रे मामा?

आलं होतं. पहिल्यांदा तरी.

मध्ये आठवडाभर जाऊ द्या, आणि जुन्याच्या रात्री जेवण आधीच उरकून घ्या. मर्फीला जगवण्यासाठी यंत्रातून जी पातळ पेस्ट येते ती एक अधिकारी बोटाने चाखून बघतो आणि बाळाच्या खाण्यासारखी लागते म्हणून सांगतो. कारखान्यातल्या विषारी रसायनाच्या टाकीचा प्रसंग तर अजून पुढे आहे.